यानक्लान्तांची निद्रा : वाहनचालकांच्या चिकित्सेतील पहिला प्रश्न

न्हावा-शेवा येथील बंदरातून माल घेऊन पुण्याकडे निघालेली अवजड वाहने खालापूर, खोपोली ओलांडून बोरघाटास लागतात. घाट चढण्यापूर्वी एखादा चालक औषधालयात येतो आणि ‘अंग दुखते, डोके जड झाले आहे, रात्रभर गाडी हाकायची आहे, ताकदीचे काही द्या’ असे म्हणतो. कर्जत-खालापूर परिसरातील आपणा सर्वांस हा अनुभव परिचित आहे. अशा वेळी औषध देण्यापूर्वी ‘शेवटची झोप केव्हा व किती झाली?’ हा प्रश्न अवश्य विचारावा, असे आम्ही सुचवू इच्छितो.

चरकाचार्यांनी निद्रेस तीन उपस्तंभांत स्थान दिले आहे. निद्रावेगाचे धारण केल्यास जृंभा, अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग व अक्षिगौरव ही लक्षणे उत्पन्न होतात. चालकाची तक्रार पुष्कळदा याहून निराळी नसते. तेथे सांगितलेली चिकित्सा निद्रा व संवाहन ही आहे, बल्य औषध नव्हे. ग्रीष्माखेरीज दिवास्वाप निषिद्ध मानला असला, तरी वाहनप्रवासाने थकलेल्यांना व जागरण झालेल्यांना चरकांनी तो अनुमत केला आहे. असात्म्य जागरण झाल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी उपाशीपोटी निजावे, असे वाग्भट सांगतात.

आधुनिक संशोधनाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. सलग १७ ते १९ तास जागे राहिल्यास प्रतिक्रियेचा वेग रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्या देशातील चालकासाठी मद्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहाटे २ ते ६ व दुपारी २ ते ४ या वेळांत झोपेचा वेग स्वभावतःच वाढतो.

औषधालयचालकांनी विशेष दक्षता घ्यावी. सर्पगंधा, जटामांसी, तगर यांचे कल्प तसेच सर्दी-खोकल्याची काही आधुनिक औषधे तंद्रा आणतात. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. वाहन चालविण्यापूर्वी ही औषधे देऊ नयेत. चहाने तंद्रा थोडा वेळ लांबते, निद्रेची भरपाई मात्र होत नाही.

सल्ला साधा असावा. दर दोन तासांनी वाहन सुरक्षित जागी थांबवून पंधरा मिनिटे उतरावे. डोळे मिटू लागल्यास वीस मिनिटे निजावे व जाग आल्यावर पूर्ण सावध झाल्याखेरीज गाडी सुरू करू नये. ही डुलकी तात्पुरता उपाय होय. रात्रीच्या निद्रेची जागा ती घेत नाही. मोठ्याने घोरणाऱ्या व दिवसाही पेंगणाऱ्या चालकास निद्राश्वसनाच्या तपासणीसाठी पाठवावे.

माल वेळेत पोहोचविण्याच्या दडपणामुळे चालक हा सल्ला ऐकत नाही, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. तथापि पाच तासांच्या सलग कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती हे तत्त्व १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेच घालून दिले होते. म्हणून विश्रांतीचा सल्ला तोंडी न देता चिठ्ठीवर औषधांच्या वर, पहिल्या ओळीत लिहावा. गाडीमालकास दाखविण्यासाठी चालकाच्या हाती तेवढा तरी आधार राहील.