कुमसाराची तालीम

गोव्यातल्या राशोलच्या टेकडीवरच्या सेमिनरीत कुमसाराची, म्हणजे पापांची कबुली ऐकण्याची तालीम चालू आहे. खुर्चीतला डीकन, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या उंबरठ्यावरचा ब्रदर, पंचविशीचा. समोर त्याचाच वर्गमित्र, पण आज तो दारूपायी दुकान घालवलेला चाळिशीचा गृहस्थ झालाय. पाप बनावट, डीकनच्या कपाळावरचा घाम मात्र खरा.

बोलता बोलता गृहस्थ बायकोवर हात उचलल्याचं सांगून जातो. डीकन लगेच सुरू होतो: संयम, प्रार्थना, कुटुंबाचं पावित्र्य. मागे बसलेले प्राध्यापक त्याला मध्येच थांबवतात.

‘‘ब्रदर, हे पहिल्यांदाच झालं का? बाई आता कुठे आहे? विचारलंत?’’

नव्हतं विचारलं.

सहा वर्षं! कॅथलिक चर्चचा कायदा भावी धर्मगुरूकडून निदान एवढा अभ्यास मागतो. दोन वर्षं तत्त्वज्ञान, चार वर्षं ईशज्ञान. अ‍ॅरिस्टॉटलपासून चर्चच्या कायद्यापर्यंत सगळ्यांच्या परीक्षा होतात, आणि सहा वर्षं पढलेला मुलगा एका साध्या प्रश्नापाशी अडतो. त्याला तरी काय बोल लावायचा? इतकी वर्षं त्याला उत्तरं देण्याचेच मार्क मिळालेत.

या वास्तूचा लौकिकही शब्दांचाच. १६०६मध्ये पायाभरणी झालेलं हे मूळचं जेझुइटांचं कॉलेज. थॉमस स्टीफन्स या इंग्रज फादरांचं ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये राशोललाच छापलं गेलं. परक्या मुलखातला माणूस इथे ओवीत बोलायला शिकला. आता इथल्याच मुलांना गप्प बसायला शिकायचंय.

ही तालीम वरवर पोरखेळ वाटते, पण तिला पर्याय नाही. प्रवचन हजार लोक ऐकतात; फसलं तर बाहेर पडताना कुणीतरी सांगतंच. कुमसाराचं तसं नाही. तिथे ऐकलेलं फादरने उघड केलं, तर तो आपोआप चर्चमधून बहिष्कृत होतो. हे गुपित पाळायलाच हवं. पण त्यामुळे आत त्याने काय सल्ला दिला, मार खाणाऱ्या बाईला ‘सोसून घे’ म्हणून परत पाठवलं का, हे तपासायला कुणी जाऊ शकत नाही. शिक्षक शेजारी बसून चूक दाखवतोय, असं फक्त या वर्गातच घडतं. सहा वर्षांच्या अभ्यासक्रमात या तासांचा वाटा तुटपुंजाच.

दुसऱ्या खेपेला डीकन विचारतो. बायको मुलांना घेऊन माहेरी गेल्याचं कळतं. प्राध्यापक मान डोलावतात आणि पुढची जोडी बोलावतात. आता कुमसाराला ती बायकोच येणार आहे. वर्गात बाई एकही नाही, तेव्हा तिचं काम एका दाढीवाल्या ब्रदरकडे जातं.