लहान उद्योगातील यंत्र आणि पैसा : खानदेशातील अनुभव

रावेर, सावदा, फैजपूर, यावल हा जळगाव जिल्ह्यातील केळीचा पट्टा. या भागातून जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला हिरव्या केळीचे वेफर्स जागेवरच तळून देणारी दुकाने प्रवाशांच्या चांगल्या परिचयाची आहेत. घड उतरविताना बाजूला पडणाऱ्या, दिसण्यात उणा परंतु खाण्यास उत्तम अशा मालाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळते आणि घरातील चार माणसांना काम मिळते. कढई आणि किसणी यांवर चालणारा हा धंदा वाढू लागला म्हणजे काप करणारे विजेचे यंत्र, गॅसवरील मोठी तळणी, पिशव्या बंद करण्याचे यंत्र अशी सामग्री येते आणि तिच्या पाठोपाठ बँकेचे कर्जही येते. येथपर्यंत सर्व सुरळीत चालते. अडचण पुढे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उभी राहते. ऐन श्रावणात, उपवासाच्या मालाला मागणी असताना, मोटार जळते. किंवा माल भरपूर खपत असूनही हप्त्याच्या दिवशी खात्यात रक्कम नसते. मग पहिली धाव घरातील दागिन्यांकडे जाते, पुढे खाजगी सावकाराकडे, आणि अखेर शेताच्या सातबाऱ्याकडे.

असा धंदा बंद पडला म्हणजे माल खपला नाही, असे कारण गावात सांगितले जाते. वस्तुतः पुष्कळ लहान धंदे माल खपत असतानाच बसतात. यंत्र थांबेल त्या दिवसासाठी आणि पैसा अडकेल त्या दिवसासाठी आधी तरतूद केलेली नसते, हे त्याचे खरे कारण होय.

पांझराकाठची रीत

बिघाड होण्यापूर्वी निगा घ्यावयाची, ही गोष्ट खानदेशास नवीन नाही. धुळे जिल्ह्यात साक्री व धुळे तालुक्यांतून वाहणाऱ्या पांझरा नदीवर जुने दगडी बंधारे आहेत आणि त्यांच्या पाटांवर फड पद्धतीची शेती काही शतके चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे तीन-चार फड पाडलेले असत. एका फडात एकच पीक घेतले जाई व फडांमध्ये पिकांचा फेरपालट होई. पाणी वाटण्यास पाटकरी, पिकाच्या राखणीस जागल्या, देखरेखीस हवालदार अशी माणसे गावानेच नेमलेली असत. त्यांचा मोबदला पीक हाती आल्यावर धान्याच्या रूपाने दिला जाई. पाण्याचे वर्ष कमी असेल तर सर्वांनी मिळून कमी फड भिजवावयाचे, एकाचे पीक वाळवून दुसऱ्याचे पिकवावयाचे नाही, असा दंडक होता.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळीच आहे. पाटातील गाळ काढणे व बंधाऱ्याची डागडुजी करणे हे काम लाभधारक दरवर्षी हंगामापूर्वी करीत. पाट फुटला म्हणून वर्गणी गोळा करावयाची, असा तो प्रकार नव्हता. दुरुस्तीचे श्रम हे पाण्याच्या किमतीतच धरलेले होते. पुढे विहिरी व स्वतंत्र पंप वाढले आणि अनेक गावांत ही व्यवस्था ढिली पडली. पंप आला, परंतु पंपासाठी हंगामापूर्वी श्रम व पैसा राखून ठेवण्याची रीत त्याच्याबरोबर आली नाही, हे नमूद केले पाहिजे.

ठिबक संचाच्या बाबतीत हेच पाहावयास मिळते. संच बसविताना शेतकरी उत्साही असतो. नंतर गाळण यंत्रातील वाळू उलट प्रवाहाने धुणे, जाळी साफ करणे, उपनळ्यांची टोके उघडून साचलेला गाळ बाहेर सोडणे, विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास आम्लप्रक्रिया करणे, ही कामे पुढे ढकलली जातात. गाळण यंत्राच्या आधीच्या व नंतरच्या दाबमापकातील फरक वाढत चालला म्हणजे गाळण तुंबत असल्याची ती सूचना असते. त्या दोन काट्यांकडे आठवड्यातून एकदा पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. परंतु केळीच्या बागेत ओळीच्या ओळी पिवळ्या दिसू लागेपर्यंत तिकडे सहसा कोणी पाहत नाही.

वेफर्सच्या कारखान्यातील यंत्रही आधी सूचना देऊन मगच थांबते. पाती बोथट झाली म्हणजे काप एकसारखे निघत नाहीत; जाड काप आत मऊ राहतात आणि पातळ काप करपतात व तेलही अधिक पितात. पिशवी बंद करणाऱ्या यंत्राची तापपट्टी झिजली म्हणजे सांधा वरून नीट दिसतो, परंतु पावसाळ्यात त्यातून दमट हवा शिरते आणि दुकानदार माल परत पाठवितो. तेलाने फेस धरणे, रंग काळपट होणे, लवकर धूर येणे या खुणा तळणाऱ्या बाईस मालकाच्या आधी समजतात. मात्र तिला विचारण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी नाही. वारंवार तापविलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये, असा नियम २०१८ पासून लागू झाला आहे. जळगाव-भुसावळकडील उन्हाळ्यात तसेही तेलकट माल लवकर खवट होतो. त्यात जुने तेल वापरले तर वाचविलेल्या तेलापेक्षा परत आलेला माल महाग पडतो.

किलोमागे साडेतीन रुपये

आता पैशाकडे वळू. समजण्यापुरते एक उदाहरण घ्यावे. एका कारखान्याची यंत्रसामग्री ४ लाख रुपयांची आहे आणि ती आठ वर्षे चालेल असे धरले. म्हणजे दरवर्षी ५० हजार रुपयांचे यंत्र झिजते. दरमहा सुमारे ४,१७० रुपये झाले. रोज ५० किलो माल व महिन्यात २५ दिवस काम, म्हणजे १,२५० किलो. झीज किलोमागे सुमारे ३ रुपये ३४ पैसे पडली. केळी, तेल, गॅस, मजुरी, पिशव्या यांचा हिशेब प्रत्येक जण ठेवतो. हे सव्वातीन-साडेतीन रुपये मात्र कोणीही धरत नाही, कारण ते मागावयास दारात कोणी येत नाही. आठव्या वर्षी ते एकदम येतात. यासाठी धंद्याच्या खात्यापासून वेगळे आवर्त ठेव खाते काढून ही रक्कम दरमहा त्यात टाकावी. तिला घरातील लग्नकार्यासाठी हात लावू नये.

याच उदाहरणात ठोक भाव किलोस २०० रुपये आणि सर्व चालू खर्च १७० रुपये धरला, तर किलोमागे ३० रुपये व महिन्यास ३७,५०० रुपये उरतात. ४ लाखांपैकी ४० हजार स्वतःचे व ३ लाख ६० हजार पाच वर्षांच्या कर्जाचे असले, तर ११ टक्के दराने हप्ता सुमारे ७,८०० रुपये होतो. झिजेची रक्कम व हप्ता वजा जाता घरखर्चास साधारण साडेपंचवीस हजार राहतात. हिशेब चांगला दिसतो. परंतु सर्व माल दुकानदारांना तीस दिवसांच्या उधारीवर दिला असेल, तर पहिला महिना संपताना हाती एक रुपयाही आलेला नसतो. उलट किलोस १७० प्रमाणे २ लाख १२ हजार ५०० रुपये खर्च होऊन गेलेले असतात. ही रक्कम आठ महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे! ती कोठून आणावयाची याचा विचार यंत्र घेतानाच केला पाहिजे. पुष्कळ जण यंत्राच्या कर्जातील पैसा केळी व तेल घेण्यात घालतात आणि तेथेच घोटाळा सुरू होतो. यंत्रासाठी मुदतीचे कर्ज आणि कच्च्या मालासाठी खेळते भांडवल, ही दोन्ही बँकेकडे आरंभीच स्वतंत्रपणे मागावीत.

धंदा दुप्पट केल्याने ही अडचण दूर होते, असा एक समज आहे. तो उलटा आहे. माल दुप्पट झाला की अडकलेली रक्कमही दुप्पट होते. उधारीचे दिवस तीसवरून पंधरावर आणता आले, तर एक किलोही अधिक माल न तळता लाखावर रुपये मोकळे होतात.

हातगाडीपासून

हा धडा केवळ खेड्यातील दुकानापुरता आहे असे मानण्याचे कारण नाही. जळगावातील जैन उद्योगसमूहाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. जामनेर तालुक्यातील वाकोद येथे १९३७ साली जन्मलेले भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये कुटुंबाच्या ७,००० रुपयांच्या बचतीवर, हातगाडीवरून रॉकेल विकून व्यवसायास आरंभ केला. पुढे त्यांनी शेतीस लागणाऱ्या वस्तूंच्या विक्रीचे काम घेतले. १९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा एक आजारी कारखाना ३० लाख रुपयांस घेतला. परंतु केळीच्या भुकटीचा हट्ट न धरता त्याच यंत्रसामग्रीत आवश्यक बदल करून पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्यास सुरुवात केली. त्यानंतर पीव्हीसी नळ्या, ठिबक सिंचन आणि ग्रँड नैन केळीची ऊतिसंवर्धित रोपे, अशी वाढ होत गेली. प्रत्येक पायरीवर तंत्र नवे होते, पण गिऱ्हाईक तोच परिचयाचा शेतकरी होता.

१९९० च्या दशकात समूहाने वित्तव्यवहार, ग्रॅनाइट, माहिती तंत्रज्ञान अशा अपरिचित क्षेत्रांत पैसा घातला. त्यात तोटा आला व शेतीशी संबंधित मूळ व्यवसायाकडे परतावे लागले. पुढील काळातील अडचण आणखी बोधप्रद आहे. ठिबक संचाची विक्री शासकीय अनुदानाशी बांधलेली होती. संच शेतात बसत, परंतु अनुदानाची रक्कम हाती येण्यास विलंब लागे. विक्री वाढत असताना येणे वाढत गेले व त्यासाठी काढलेले कर्जही वाढले. भवरलाल जैन यांचे २०१६ मध्ये निधन झाले. २०१९ मध्ये कंपनीची कर्जफेड थकली, २०२२ मध्ये बँकांबरोबर कर्जाची फेररचना झाली आणि २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय दुसऱ्या एका कंपनीत विलीन करून कर्जाचा भार उतरवावा लागला. तंत्र उत्तम, माल नावाजलेला, गिऱ्हाईक तयार. तरीही येणे वेळेवर न आल्याने एवढ्या मोठ्या उद्योगास ही ओढाताण सोसावी लागली. पन्नास किलोच्या कारखान्यास तर तग धरण्यास एवढाही अवकाश नसतो.

अनुदानाचा हिशेब

अनुदानासंबंधी ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी विशेष दक्षता घ्यावी. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत जळगाव जिल्ह्यासाठी केळी हे उत्पादन निवडले गेले. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये इतके अनुदान, उद्योजकाचा वाटा किमान १० टक्के आणि उरलेले बँकेचे कर्ज, अशी तिची रचना ठेवण्यात आली. वरील ४ लाखांच्या उदाहरणात अनुदान १ लाख ४० हजार होते. परंतु ही रक्कम उद्योजकाच्या हाती रोख पडत नाही. ती बँकेत राहते व कर्ज नियमित असेल तर तीन वर्षांनंतर कर्जात वळती होते. "अनुदान आले की तेल भरू" असे गृहीत धरणारा मनुष्य पहिल्याच वर्षी अडचणीत येतो, आणि हप्ते थकले तर अनुदानावरील हक्कही धोक्यात येतो. योजनेची माहिती सांगताना ३५ टक्क्यांचा आकडा मोठ्याने व तीन वर्षांची अट हळू आवाजात सांगितली जाते. ही सवय मोडली पाहिजे.

मोठ्या व्यापाऱ्यास माल देणाऱ्याने उद्यम नोंदणी अवश्य करून घ्यावी. नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत, असे २००६ च्या कायद्यात म्हटले आहे. गावातील किराणा दुकानदाराशी कायद्याची भाषा फारशी चालत नाही, हे खरे आहे. तेथे प्रत्येक दुकानाची उधारीची मर्यादा ठरवावी, मागील बिल चुकते झाल्याशिवाय नवी पेटी उतरवू नये आणि आठवड्याच्या बाजाराचा दिवस हाच वसुलीचा दिवस ठेवावा. मोबाईलवरून येणारे पैसे घरच्या खात्यात न घेता धंद्याच्या नावाच्या खात्यातच घ्यावेत. पुढील वर्षी बँकेकडे खेळते भांडवल मागताना त्या खात्याचा उतारा उपयोगी पडतो.

खानदेशात आखाजीपासून शेतीचे नवे वर्ष धरतात. माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात आणि शेतीच्या कामास थोडी उसंत असते. श्रावण त्यानंतर तीन महिन्यांवर असतो. याच सुमारास कार्यकर्त्याने कारखान्यास भेट द्यावी आणि दोन वह्या पाहावयास मागाव्यात : एक यंत्राची, जीत पाती केव्हा बदलली, मोटारीस तेल-वंगण केव्हा दिले, कोणत्या दिवशी काय बिघडले हे लिहिलेले असेल, दुसरी उधारीची, जीत प्रत्येक दुकानाकडील येणे किती दिवसांचे आहे हे दिसेल. वह्या नसतील तर त्याच बैठकीत घालून द्याव्यात. लिहिण्याचे काम घरातील शाळेत जाणाऱ्या मुलीकडे दिल्यास वही बहुधा खंडत नाही. मग यंत्र उघडून साफ करावे, पात्यांचा एक जादा जोड, मोटारीचा पट्टा व तापपट्टी आणून ठेवावी, वीजजोडणीवर सिंगल फेज प्रिव्हेंटर आहे की नाही ते पाहावे, आणि पंचेचाळीस दिवसांपेक्षा जुने येणे असलेल्या दुकानांची यादी करून आषाढ लागण्यापूर्वी एकेका दुकानी मालकाने स्वतः जाऊन यावे.