एका जोडशब्दाची सत्तर वर्षं

मागच्या भाषणात मी शब्दांविषयी बोललो होतो. काही शब्द गरजेतून जन्माला येतात, काही मायेतून, आणि काही शब्द कुणाच्या तरी सोयीसाठी घडवले जातात, असं सांगताना मी अमेरिकेतल्या ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’, म्हणजे ‘विद्यार्थी-खेळाडू’ या शब्दाचा ओझरता उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की माझ्या कवितांवर आयुष्यात तेवढी आली नसतील! मी काही क्रीडासमीक्षक नाही. पण शब्दाचा माग काढणं हा माझा जुना छंद आहे आणि या शब्दाचा माग काढता काढता मी त्या खेळांच्या मैदानात बराच आत गेलो. म्हणून आज त्या पत्रांनाच उत्तरं देतो.

पहिलं पत्र नागपूरच्या एका आजोबांचं. ते लेकीकडे मिशिगनला गेले होते. जावईबापूंनी त्यांना एका शनिवारी फुटबॉलचा सामना बघायला नेलं. आजोबा लिहितात, ‘लाखभर माणसं जमली होती. मला वाटलं, देशाचा संघ खेळतोय. नंतर कळलं, ती कॉलेजची पोरं! हे कॉलेज आहे की कंपनी?’

आजोबा, आकडा तुम्ही वाढवून सांगितलेला नाही. मिशिगन विद्यापीठाच्या त्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांवर माणसं बसतात. (हा फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू छातीशी धरून, समोरच्याला धडक देत पुढं जायचा तो खेळ.) आणि कंपनीचं म्हणाल, तर तिचा हात या खेळांना जन्मापासूनच लागलेला आहे. अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा १८५२ साली झाली. हार्वर्ड आणि येल यांच्यातली ती नौकांची शर्यत. तिचा खर्च उचलला होता एका रेल्वे कंपनीनं. त्या सरोवराकडे जाणाऱ्या गाडीला प्रवासी मिळावेत, हा हेतू!

पुढं फुटबॉल आला आणि त्याचं वेड लागलं. पण खेळ इतका आडदांड, की मुलं जखमी होत, मरतही. १९०५ साली मृत्यूंचा बोभाटा एवढा झाला, की अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी बड्या विद्यापीठांच्या माणसांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्याच धामधुमीतून १९०६ मध्ये एक संघटना उभी राहिली. तिलाच पुढं १९१० पासून ‘नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन’, थोडक्यात ‘एनसीएए’, म्हणू लागले. म्हणजे मुलांचे जीव वाचावेत म्हणून ही संस्था जन्मली. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

दुसरं पत्र औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या एका विद्यार्थ्याचं. ‘कॉलेजचा खेळाडू व्यावसायिक कसा होतो? आपल्याकडे आयपीएलमध्ये लिलाव होतो, तसं तिकडं होतं का?’

नाही. तिकडं ‘ड्राफ्ट’ असतो. लिलावात ज्याची थैली मोठी त्याची बोली मोठी. ड्राफ्टमध्ये पाळी लावलेली असते, आणि गंमत अशी, की गेल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला, साधारणपणे त्याची पाळी पहिली. हेतू हा, की दुबळ्याला बळ मिळावं आणि स्पर्धेत चुरस राहावी. फुटबॉलच्या व्यावसायिक ‘एनएफएल’मध्ये ३२ संघ आहेत आणि ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात. बास्केटबॉलच्या ‘एनबीए’त ३० संघ आणि दोनच फेऱ्या. त्यातही अटी आहेत. फुटबॉलवाल्यांना शाळा सुटल्यावर तीन वर्षं थांबावं लागतं. बास्केटबॉलमध्ये ड्राफ्टच्या वर्षात वयाची १९ वर्षं पुरी व्हावी लागतात. ही मधली वर्षं बहुतेक मुलं कॉलेजात काढतात. दुसऱ्या शब्दांत सांगायचं, तर व्यावसायिक संघांना आपली रोपं वाढवायला पदरचा पैसा घालावा लागत नाही. रोपवाटिका कॉलेजं चालवतात.

एनएफएलचा पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये झाला. त्यात सर्वांत आधी निवडला गेला जे बर्वँगर नावाचा शिकागो विद्यापीठाचा खेळाडू. तो त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. त्या काळी या खेळात पोट भरण्याएवढा पैसा नव्हता, त्यानं दुसरा कामधंदा पत्करला. आजचा जमाना निराळा आहे. पण या विद्यार्थ्याला एक गोष्ट सांगायला हवी. एनसीएएच्या कॉलेजांत पाच लाखांवर मुलंमुली खेळतात. एनसीएए स्वतःच सांगते, की त्यांतली शंभरात दोनसुद्धा व्यावसायिक होत नाहीत. टीव्हीवर दिसतात ते हे दोन. उरलेले अठ्ठ्याण्णव कुठं जातात, हा खरा प्रश्न आहे.

आता त्या शब्दाकडे येऊ. साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिका विचारतात, ‘विद्यार्थी-खेळाडू हा शब्द तर किती छान आहे! आपल्या मुलांनी दोन्ही व्हावं, असंच आपल्याला वाटतं. त्यात वाईट काय?’

बाई, शब्द छानच आहे. पण तो कुठल्या टेबलावर घडला ते ऐका. १९५३ साली कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एका जखमी कॉलेज-खेळाडूच्या बाजूनं निकाल दिला. डेन्व्हर विद्यापीठात तो फुटबॉल खेळे आणि विद्यापीठ त्याला काम देई. न्यायालय म्हणालं, हा कामगार आहे, याला कामगाराची नुकसानभरपाई मिळाली पाहिजे. कॉलेजांच्या पोटात गोळा आला. पुढं १९५५ मध्ये त्याच राज्यात रे डेनिसन नावाचा एक खेळाडू फोर्ट लुईस कॉलेजकडून खेळताना डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीनं भरपाई मागितली. १९५७ मध्ये निकाल लागला. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, सबब भरपाई नाही!

या सगळ्या वर्षांत एनसीएएचे प्रमुख होते वॉल्टर बायर्स. १९५१ ते १९८८ असा त्यांचा दीर्घ कारभार. खेळाडूला कुणी नोकर म्हणू नये, म्हणून आम्ही ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द घडवला आणि सगळ्या नियमांत, निवेदनांत तोच वापरायची सक्ती केली, हे त्यांनी स्वतःच निवृत्तीनंतर, १९९५ च्या पुस्तकात लिहून ठेवलं. उतारवयात ते या व्यवस्थेचे कडक टीकाकार झाले होते. मुलांचे जीव वाचवायला जन्मलेल्या संस्थेनं, मेलेल्या मुलाच्या घरच्यांना काही द्यावं लागू नये, याची तजवीज एका जोडशब्दानं केली. दोन्ही शब्द निर्मळ. मधल्या त्या छोट्या रेघेत सगळी मेख!

मला हा शब्द का टोचला, तेही सांगतो. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत माझा गुडघा गेला. ढाल आम्हीच जिंकली होती. ती प्राचार्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात गेली आणि मी खाटेवर. अब्बा एस.टी.त कंडक्टर. त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून माझं ऑपरेशन केलं. नंतर बिलं घेऊन मी कॉलेजच्या कार्यालयात गेलो, तर हेडक्लार्क म्हणाले, ‘अरे, तू हौसेनं खेळलास. कॉलेजनं काय तुला कामाला ठेवलं होतं?’ ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी मला चहा पाजला. पण अब्बांच्या पगारातून तो हप्ता तीन वर्षं कापला जात होता. अमेरिकेतला तो निकाल वाचला, तेव्हा मला त्यांचाच आवाज ऐकू आला.

चौथा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. ‘मग आता तरी त्या मुलांना पैसे मिळतात का?’

मिळू लागले आहेत, पण कोर्टाची पायरी चढल्यावर. १९५६ पासून खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला मुभा होती. फी, पुस्तकं, राहणं, जेवण, बस. त्यापलीकडे एक डॉलर घेतला तरी मुलगा अपात्र. इकडं २०१० मध्ये बास्केटबॉलच्या एका वार्षिक स्पर्धेच्या टीव्ही हक्कांचा चौदा वर्षांचा करार १,०८० कोटी डॉलरचा झाला! प्रशिक्षकांचे पगार वाढले, स्टेडियमं वाढली. खेळणारा तेवढा ‘हौशी’ राहिला.

एड ओबॅनन हा लॉस एंजेलिसच्या ‘यूसीएलए’ विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू. १९९५ चा विजेता. कॉलेज सुटून वर्षं लोटल्यावर तो एका मित्राकडे गेला असताना त्यानं एक व्हिडिओ गेम पाहिला. पडद्यावर हुबेहूब तोच! तीच चण, तोच क्रमांक. गेम विकला जात होता आणि याला दमडी नव्हती. २००९ मध्ये त्यानं दावा लावला, २०१४ मध्ये निकाल बव्हंशी त्याच्या बाजूनं लागला. २०२१ च्या जूनमध्ये अल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे नऊच्या नऊ न्यायमूर्ती एनसीएएच्या विरोधात गेले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा जाहिरातीसाठी वापरून पैसे घ्यायची मोकळीक मिळाली.

आणि ६ जून २०२५ रोजी ‘हाऊस’ नावाच्या खटल्यात तडजोड मंजूर झाली. २०१६ पासून खेळलेल्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर, दहा वर्षांत द्यायचे. शिवाय कॉलेज आता आपल्या उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूंना देऊ शकतं. २०२५-२६ या पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत मर्यादा. त्यातला मोठा हिस्सा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, म्हणून मुलींच्या वाट्याचं काय, हा नवा वाद उभा राहिला आहे. कारण १९७२ चा ‘टायटल नाइन’ हा कायदा शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला मनाई करतो.

पैसा आला, पण ‘कामगार’ हा शब्द काही आला नाही. डार्टमाउथ कॉलेजच्या बास्केटबॉल संघानं मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना स्थापन करायचं ठरवलं. वर्षअखेरीस तो अर्ज त्यांना मागं घ्यावा लागला. रेघ अजून आहे तिथंच आहे.

शेवटचं पत्र कोल्हापूरच्या एका आजीबाईंचं. त्यांची नात टेनिस खेळते. अमेरिकेतल्या एका कॉलेजचं पत्र आलंय. ‘पाठवावी का?’

आजी, खेळात गुण असेल आणि शिकायची ओढ असेल, तर जरूर पाठवा. आपला सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला, २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएएचा एकेरीचा विजेता झाला आणि मग व्यावसायिक टेनिसमध्ये गेला. पण होकार कळवण्याआधी नातीला चार गोष्टी लेखी विचारायला सांगा.

एक, शिष्यवृत्ती पूर्ण आहे की अर्धीमुर्धी? तिसऱ्या गटातली कॉलेजं आणि हार्वर्ड, येलसारखी आयव्ही लीगची विद्यापीठं खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देतच नाहीत. दोन, ती एका वर्षाची आहे की पदवी मिळेपर्यंतची? दरवर्षी नूतनीकरणाची अट असेल, तर प्रशिक्षकाची मर्जी फिरल्यावर पंचाईत होते. तीन, विद्यार्थी व्हिसावर असताना जाहिरातीचे किंवा कॉलेजच्या वाट्याचे पैसे घेता येतील का? शिष्यवृत्ती चालते, पण काम करून कमाई करण्यावर त्या व्हिसात कडक बंधनं आहेत. तिथल्या मुलींना जे सहज मिळतं, ते घेऊन हिचा व्हिसाच धोक्यात यायचा. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नये.

आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची. खेळताना दुखापत झाली तर उपचार कोण करणार, आणि किती दिवस? १ ऑगस्ट २०२४ पासून एनसीएएच्या पहिल्या गटातल्या कॉलेजांना खेळातल्या दुखापतीचा वैद्यकीय खर्च, खेळाडू कॉलेज सोडून गेल्यावरही किमान दोन वर्षं, करावा लागतो. नातीचं कॉलेज त्या गटात आहे का, ते पाहा. नसेल, तर त्यांची विम्याची कागदपत्रं मागा. मागायला लाजू नका. आपल्याकडे वाटतं, एवढी मोठी संधी देतायत, वर आपण पैशाचं काय बोलायचं? आजी, कौतुक करणाऱ्यालाच हा प्रश्न विचारायचा असतो. ढाल घेताना सगळे बरोबर असतात.

परवा पाऊस सुरू झाला तसा माझा गुडघा पुन्हा बोलू लागला. धाकटा मुलगा यंदाच कॉलेजात जायला लागलाय. तो कबड्डीच्या संघाचा फॉर्म घेऊन सही मागायला आला. फॉर्मच्या तळाशी छापलं होतं : ‘दुखापत झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.’ मी सही केली, कारण पोराचे पाय मैदानाकडे ओढत होते. पण दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर कॉलेजात गेलो आणि क्रीडाशिक्षकांना विचारलं, ‘सर, मग जबाबदार कोण?’ ते जरा थांबले. म्हणाले, ‘साहेब, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.’ खेळाडूंच्या विम्याचा विषय पुढच्या बैठकीत मांडतो, असं त्यांनी सांगितलं आहे. बैठक कधी आहे, हे मी दर आठवड्याला विचारतो.