शेकडा पंधरा

एका स्नेह्याच्या घरी जेवणानंतर पानसुपारी चालू असता त्याच्या चिरंजीवाने मोबाइलवर साडेसात सेकंदांचे एक चलच्चित्र माझ्यापुढे धरले, आणि त्यानंतरच्या गप्पांत माझे चित्त राहिले नाही. काळ्या पटावर सूर्यबिंबाची कड, तिच्यावर उभी ठाकलेली ज्वालेची एक कमान, आणि त्या कमानीच्या माथ्यावरून दोन्ही अंगांनी तेज खाली ओघळत होते. अग्निशिखा ऊर्ध्वगामीच असावयाची, असे ज्याने चुलीपासून होमकुंडापर्यंत सर्वत्र पाहिले त्याला ही अधोमुख ज्वाला पटणे अवघडच. परंतु ती खरी होती, आणि कोणत्या वेधशाळेतली अशी पृच्छा करता कळले की वेधशाळा वगैरे काही नाही, साताऱ्यातल्या एका निवृत्त भूकरमापकाच्या गच्चीवरून ती टिपलेली आहे. माघातल्या एका सकाळी मी त्या गच्चीवर हजर झालो.

प्रथम जाणवला तो वास. गच्चीभर ओली गोणपाटे अंथरलेली, आणि उन्हे चढू लागताच त्यांतून निघणारा तो मातकट, किंचित आंबूस दर्प. आळीतले लोक ज्यांना अद्यापि ‘मोजणीदार’ म्हणतात ते गृहस्थ बादलीतले पाणी तांब्याने शिंपडीत होते. सिमेंटचा स्लॅब तापला की त्यावरची हवा कापू लागते, आणि हवा कापली की दुर्बिणीतली सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी खळखळते. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागराच्या पाण्यात, एका बेटावर बांधली ती ह्याच कारणाने. “आपल्याला तलाव नाही, तर गोणपाट,” मोजणीदार म्हणाले.

दुर्बीण पाहून माझी थोडी निराशाच झाली. अवघी ६० मिलिमीटर व्यासाची, हातभर लांबीची नळी. तिच्यातून सूर्यावरील दोन हजार किलोमीटरांहून लहान असे काहीच पृथक् दिसत नाही, म्हणजे मुंबईपासून कलकत्त्यापर्यंतचा प्रदेश तिच्या एका ठिपक्यात गडप व्हावयाचा. दिवसा ध्रुव दिसत नसल्यामुळे होकायंत्रावरून उत्तर साधून, सूर्याच्या गतीने फिरणाऱ्या बैठकीवर ती बसवलेली होती. तिचे सारे सामर्थ्य आहे ते आतल्या गाळणीत. दृश्य प्रकाशाच्या सुमारे तीन हजार अँगस्ट्रॉम रुंदीच्या पट्ट्यातून ही गाळणी एका अँगस्ट्रॉमहूनही अरुंद अशी एकच चीर उघडी ठेवते, ती ६५६.२८ नॅनोमीटरवरची, हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशाची. अशा गाळणीवाचून दुर्बिणीतून सूर्याकडे पाहणे म्हणजे दृष्टीवर कायमचे पाणी सोडणे, हे त्यांनी मला नळीजवळ फिरकू देण्यापूर्वी दोनदा बजावले.

मग त्यांनी नळीवरच्या दातेरी चक्राला अंगठ्याचे नख लावून ते केसभर फिरवले. आतापर्यंत जे नुसते सपाट तांबडे बिंब होते त्यावर प्रथम मखमलीसारखी लव उमटली, मग त्या लवेत काळपट, वाकडेतिकडे तंतू दिसू लागले, आणि अखेरीस ईशान्येच्या कडेवर ती ज्वाला प्रकट झाली. बिंबावर जे तंतू काळे दिसतात तेच कडेला, आकाशाच्या काळोखावर आले म्हणजे ज्वाला होऊन झळकतात. पदार्थ एकच, पार्श्वभूमी निराळी. नख आणखी केसभर सरकले की सारे पुन्हा लुप्त. त्या नखाकडे मी सूर्याहूनही अधिक वेळ पाहत राहिलो असेन.

मोजणीदारांचे आजोळ जमखंडीचे, आणि त्या नात्याने एक गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवीत असावेत. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणासाठी विख्यात हर्शेल घराण्यातला लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन आला तो पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. तोवर सौरज्वाला दिसत त्या केवळ खग्रासाच्या त्या मोजक्या मिनिटांत. त्या धगधगत्या वायूच्या आहेत हे ह्या ग्रहणाने सिद्ध केले, आणि गुंटूरला आलेल्या झान्सेन ह्या फ्रेंच ज्योतिर्विदाने तर दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसता, त्याच तांबड्या रेषेच्या आधाराने त्या पुन्हा धुंडून काढल्या. त्यांना चलच्चित्रात पकडण्याचे काम १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात रॉबर्ट मॅकमॅथ ह्याने केले; तोही मूळचा हौशीच, आणि वडील व एक न्यायाधीश मित्र ह्यांच्या साह्याने त्याने स्वतःची वेधशाळा उभारली होती. “म्हणजे आमची जात जुनी आहे,” मोजणीदार म्हणाले, आणि डोक्यावर घोंगडी ओढून लॅपटॉपपुढे बसले, कारण उन्हात पडद्यावरचे काही दिसत नाही.

घोंगडीखालून फक्त आकडे ऐकू येत. दर अर्ध्या मिनिटाला कॅमेरा सुमारे दहा सेकंदांत एक हजार चित्रे घेतो. असे दीड तास चालले की एकशे ऐंशी हप्ते, म्हणजे एक लक्ष ऐंशी हजार चित्रे. रात्री संगणक ह्या प्रत्येक हजाराला सुपात घेऊन पाखडतो, रेखीवपणाच्या क्रमाने लावतो, आणि त्यांतली दीडशे ठेवून बाकीची रद्दबातल करतो. शेकडा पंधरा. निवडलेली दीडशे एकावर एक रचून, सरासरी काढून एक चित्र सिद्ध होते. ती एकशे ऐंशी चित्रे सूर्याच्या कडेशी कड जुळवून सेकंदाला चोवीस ह्या वेगाने पळवली की दीड तासाचे साडेसात सेकंद होतात आणि डोळ्याला अगम्य असलेली संथ गती एकाएकी गोचर होते.

शेकडा पंधरा हा आकडा माझ्या मनात सलत राहिला. ज्या दस्तऐवजातला शेकडा पंच्याऐंशी मजकूर आपण होऊन गाळला, तो अस्सल कसा म्हणावा? मी तसे स्पष्ट विचारले. मोजणीदार रागावले नाहीत. गाळलेल्या चित्रांत जो दोष असतो तो सूर्याचा नसून आपल्या डोक्यावरच्या हवेचा असतो, आणि निवड माझी नव्हे, मापाची आहे, असे त्यांचे म्हणणे. हे मला मान्य झाले. मात्र रचलेल्या चित्राला पुढे धार लावतात, आणि ती धार जरा अधिक झाली की सूर्यावर मुळात नसलेले दाणे उमटतात, हे त्यांनीच दोन चित्रे शेजारी ठेवून दाखवले तेव्हा माझा संशय पुरता फिटण्याऐवजी थोडा बळावलाच. त्याहून मला खटकला तो रंग. कॅमेरा करड्या छटांचा; नारिंगी सोने मागाहून चढवलेले. खरा प्रकाश गडद तांबडा असतो, आणि लोकांना सूर्य नारिंगी हवा असतो. मोजणीदारांच्या दप्तरी मूळ करडी प्रत शाबूत असते, एवढे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. आणि मला विचाराल तर ती करडी प्रतच अधिक भीषण व अधिक देखणी आहे.

दहाच्या सुमारास यवतेश्वराच्या बाजूने एक ढग आला आणि अकरा मिनिटे हलला नाही. गोणपाटे एव्हाना वाळून कडक झाली होती, तरी वास तेवढा मागे राहिला होता. बावीस हप्ते गेले. असल्या रिकाम्या जागा आजकाल संगणक आपल्या कल्पनेने भरून देतो, दोन चित्रांमधले तिसरे स्वतः रचतो, आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मोजणीदारांच्या भाच्याने तसे करून देण्याची तयारी दाखवली होती म्हणे. “हद्दीचा दगड सापडला नाही तर आम्ही कुठे पाहिजे तिथे नवीन पुरत नव्हतो,” एवढेच ते बोलले. त्या दिवसाच्या चित्रात ज्वाला त्या ठिकाणी हिसका खाऊन एकदम दीडपट उंच होते, आणि ती तशीच राहणार आहे.

लाल बासनातली एक नोंदवही त्यांनी पुढे ओढली. तारीख, वेळ, हवेची प्रत, चक्राची स्थिती असे रकाने. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी ‘ढग, ११ मिनिटे’ असे लिहिले आणि वही माझ्याकडे वळवली. जमिनीच्या मोजणीला पंच लागतात, आज अनायासे आलेला आहात, असे म्हणून त्यांनी पेन पुढे केले. मी शेऱ्याखाली सही केली. त्यांनी वेळही घालावयास लावली.