आधी जेट, मग कूलर

सकाळी साडेआठ. धायरीतल्या शेडचं शटर वर करायच्या आधीच दारात छोटा हत्ती उभा होता. मागे दोरीने करकचून बांधलेली पिटबाइक. हिला नंबरप्लेट नाही, आरसे नाहीत, दिवा नाही. आरटीओच्या लेखी हे रस्त्यावरचं वाहनच नाही, म्हणून ती अशी टेम्पोतूनच फिरते. मालक कॉलेजातला मुलगा. सोबत वडील, कारण पैसे त्यांचे. मुलाच्या हातात खोका होता: ॲल्युमिनियमचा बोटभर जाड ऑइल कूलर, जाळीचं आवरण असलेले दोन पाइप, बँजो बोल्ट, वॉशरची पुडी, आणि चिमटीत धरावा एवढा एक ग्रब स्क्रू, जो कशासाठी दिलाय हे कुठेच लिहिलेलं नाही.

"काका, दहा मिनिटं रेटली की गाडी दम सोडते. कूलर लावला की थांबेल ना?"

हो म्हणालो असतो तर दुपारच्या जेवणाआधी मोकळा झालो असतो. म्हटलं, आधी गाडी उतरव.

नऊ. स्प्लेंडरचं इंजिन उघडलेल्या कुठल्याही मेस्त्रीला हे इंजिन परकं वाटत नाही. सिलिंडर जवळजवळ आडवा, हेड पुढच्या चाकाकडे, कार्ब्युरेटर वरून, सायलेन्सरचा पाइप खालून. होंडाने 1958 साली सुपर कब काढली तेव्हापासून ही ठेवण चालत आली आहे. हीरो होंडाची सीडी हंड्रेड आणि पुढे स्प्लेंडर त्याच गोत्रातल्या. चिनी कारखान्यांनी ती उचलली आणि फुगवत नेली. पहिली सुपर कब 49 सीसीची होती. समोरचं इंजिन 56 मिलिमीटर बोअर आणि 57 मिलिमीटर स्ट्रोकचं, म्हणजे 140 सीसीचं. केस मात्र अजून दोन हातांत मावेल एवढीच. आत जळतंय जवळपास तिप्पट, आणि बाहेर उष्णता सोडायला फिन्स त्या मानाने थोड्याच. त्यात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मातीत, वारा लागण्याआधीच वळणारी. हेड आणि पिस्टन गार ठेवायचं बरंचसं काम मग तेलावर येतं, आणि ते तेल एक लिटरसुद्धा नसतं.

साडेनऊ. डिपस्टिकच्या जागी बसणारा थर्मामीटर लावला. बंदुकीसारखा लेझरवाला मीटर माझ्याकडेही आहे, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो सरळ खोटं बोलतो. कमी दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. शेडमागच्या रिकाम्या प्लॉटवर मुलाने पाव तास फेऱ्या मारल्या. काटा 130 वर. एप्रिलची सकाळ धरली तरी हे जास्तच. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की तेल जुनं होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. या हिशेबाने 130 वर चालणारं तेल शंभरच्या तुलनेत आठपट लवकर संपतं.

प्लग काढला. टोक पांढरंफटक. हवा जास्त, पेट्रोल कमी. मॅनिफोल्डच्या सांध्यावर स्प्रे मारून पाहिला. आवाज बदलला नाही, म्हणजे तिथून हवा खेचत नव्हती. कार्ब्युरेटरमधला मेन जेटच छोटा. सायलेन्सर बदलून मोकळा बसवला होता, पण जेटला कुणी हात लावला नव्हता. धंद्यात हे रोजचं आहे. आवाज वाढतो तो भाग आधी बदलतात.

साडेदहा. मेन जेट एक नंबर वाढवला, पुन्हा तेवढाच वेळ फेऱ्या. काटा 121. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा हट्ट आहे. जेट आणि कूलर एकदम बदलले असते तर श्रेय कूलरला गेलं असतं आणि तो मुलगा ते चार जणांना सांगत सुटला असता.

वडिलांचा चेहरा उजळला. "मग कूलरची गरजच नाही?" इथे मी त्यांना नाराज केलं. फिरण्यापुरती चालवायची तर नाही. पण मुलगा वीस-वीस मिनिटं न थांबता सराव करणार, तोही मे महिन्यात. तेव्हा लावू या. त्याने दम सुटायचा थांबेल असं मात्र मी म्हणणार नाही; दम जेटने परत आला. कूलर तेलाचं आयुष्य वाढवेल.

साडेअकरा. आता खरं काम. पाइप जोडणं पाच मिनिटांचं. तेल खरोखर कूलरमधून जातंय याची खात्री करणं हेच काम. या सिलिंडरवर बाजूला दोन बूच आहेत. दोन्ही काढले आणि एकात कॉम्प्रेसरची हलकी हवा सोडली. दुसऱ्यातून लगेच फुसकन बाहेर. म्हणजे दोन्ही भोकं हेडकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर आहेत आणि मधली वाट उघडी आहे. असेच पाइप लावले तर तेल कूलरकडे कशाला जाईल? ते सरळ वाटेने हेडला जाईल. कूलर पुढे नुसता मिरवेल, हात लावला तर गारही लागेल, आणि मालक म्हणेल, बघा किती गार ठेवतोय.

तो बिनपत्त्याचा ग्रब स्क्रू याच्यासाठी. मधल्या वाटेला आधीच आटे पाडलेले होते. स्क्रू लॉकटाइट लावून इतकाच आत घेतला की दोन्ही भोकं मोकळी राहावीत. पुन्हा हवा सोडली. दुसऱ्या भोकातून काही नाही, हेडमधून काही नाही. आता हेडला जायचं तर कूलरमधूनच. प्रत्येक इंजिनात हे असंच असतं असं नाही. काहींमध्ये तेल हेडच्या किंवा क्लचच्या बाजूच्या झाकणातून घेतात, तिथे हा स्क्रू लागत नाही. म्हणून खोक्यात काय आहे ते बघून ठरवायचं नाही, हवा मारून ठरवायचं.

बारा. बँजो बोल्ट एक आटा गेला आणि अडला. शेडवरच्या पोराने लांब पाना उचलला. "ठेव तो." आटे मोजायची पत्ती लावली: बोल्ट सव्वा मिलिमीटर पिचचा, सिलिंडर एक मिलिमीटरचा. दोन्ही दहाचेच, दिसायला जुळे. लोखंडी बोल्ट जोर लावला की आत जातोच, फक्त ॲल्युमिनियमचे आटे सोबत घेऊन जातो. नाना पेठेत ब्रेकच्या दुकानांत एक पिचचे बँजो मिळतात, पण ब्रेकच्या बोल्टचं भोक बारीक असतं. ब्रेकला दाब पोचला की पुरे, तेल वाहावं लागत नाही. इथे उलट आहे. या इंजिनाचा क्रँक बॉल आणि रोलर बेअरिंगवर फिरतो. त्याला कारच्या इंजिनासारखा मोठा दाब नको, तेलाचा ओघ हवा. शेजारच्या लेथवरचे मामा म्हणाले, षटकोनी सळी आहे, दोन बोल्ट काढून देतो. भोक केवढं? म्हटलं, बोल्ट तुटणार नाही एवढं मोठं. ते हसले आणि मशीन सुरू केलं. तांब्याचे वॉशर मात्र पोराला नाना पेठेतून आणायला पाठवलं. खोक्यातले वाकलेले होते.

दीड. डबा.

दोन. कूलर डिझेलने दोन्ही बाजूंनी धुतला, हवा मारली. चमकी निघाली. नवी वस्तू धुवायची कशाला, असं ज्याला वाटतं त्याने कागदावर पडलेली ती चमकी बघावी. ती पंपाच्या पुढे आहे, म्हणजे पहिला घास कॅमशाफ्टचा.

जागा शोधण्यात तास गेला. स्टेअरिंगच्या खाली, फ्रेमच्या पुढे वारा चांगला लागतो, पण पुढचं चाकही तिथेच येतं. गाडी उभी असताना चार बोटं अंतर दिसतं. फॉर्क पट्ट्याने आवळून पूर्ण खाली बसवला तर मडगार्ड कूलरला टेकलं. उडी मारून उतरल्यावर पहिल्याच दिवशी पंक्चर झाला असता. ब्रॅकेट वर सरकवलं, थोडं तिरकं केलं, आणि पाइपांची तोंडं वर ठेवली, म्हणजे हवा आत कोंडून राहत नाही. हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून पाहिलं. पाइप सायलेन्सरपासून लांब घेतले. जाळीचा पाइप फ्रेमला घासला तर करवतीसारखा कापत जातो, म्हणून टेकतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. कूलरपुढे खड्यांसाठी बारीक जाळी. ती चिखलाने बुजणार आणि धुवायला लागणार, हे त्याच वेळी मुलाला सांगून टाकलं.

चार. कूलर आधीच तेलाने भरून लावला. प्लग बाहेर काढून अर्थिंगला टेकवला, हेडकडच्या पाइपाचा बोल्ट अर्धा आटा सैल केला आणि पोराला किक मारायला लावल्या. बुडबुडे आले, मग स्वच्छ तेल. बोल्ट आवळला. या टप्प्याला कंटाळून थेट सुरू करणारे आहेत. कॅम तेवढा वेळ कोरडा फिरतो. तेल मोटरसायकलचंच घातलं, जासो एमए लिहिलेलं. क्लच तेलात बुडालेला आहे, कारचं तेल घातलं तर सरकेल. गाडी मिनिटभर चालवून बंद केली, पातळी पुन्हा पाहिली. कूलर आणि पाइपांत गेलेलं तेल वर भरलं. डिपस्टिक नुसती टेकवून बघायची, पिळून नाही.

पाच. तोच प्लॉट, तीच पाव तासाची फेरी, ऊन सकाळपेक्षा जास्त. काटा 109. दोन्ही पाइपांना हात लावला: जाणारा चटका देणारा, येणारा त्याहून कमी पण गरमच. एक तापलेला आणि दुसरा थंड असता तर मी सगळं उलगडायला बसलो असतो. वॉशरजवळ ओल नाही. प्लगचं टोक फिकट तपकिरी.

सहा. बिलावर वडिलांनी लेथच्या दोन बोल्टांबद्दल घासाघीस केली. खोक्यात बोल्ट होते ना? होते. ते मी त्यांच्या हातात दिले. पहिल्या सरावानंतर सगळे सांधे पुसून बघायचे आणि गाडी थंड असताना बोल्ट तपासायचे, हे मुलाला सांगितलं. शिवाय फ्रेमवर, कूलरच्या ब्रॅकेटशेजारी, पेंटच्या पेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं: कूलर काढला तर आतला स्क्रू काढा, नाहीतर हेडला तेल नाही. उद्या ही गाडी विकली जाईल, पुढचा मालक कूलर वाकला म्हणून काढेल आणि बूच लावून चालू करेल. त्याला हे कोण सांगणार?

मुलगा म्हणाला, "काका, इथे मला स्टिकर लावायचा होता."

म्हटलं, दुसऱ्या बाजूला लाव.