निर्णयाची प्रत न मिळालेला दावेदार आणि अपिलाची मुदत : वनहक्क कायद्याच्या संदर्भात

वाहतूक दंडाची पावती हाती न पडताच वसुलीची नोटीस आली, तर शहरातील वाहनधारक पहिला प्रश्न हाच विचारतो की, जे कळलेच नाही त्यावर हरकत घेण्याची मुदत सुरू कधी झाली? चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावांत हाच प्रश्न अधिक गंभीर स्वरूपात उभा राहतो. तेथे पणाला लागते ती कसलेली जमीन.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ नुसार दावा ग्रामसभा, उपविभागीय समिती व जिल्हास्तरीय समिती अशा तीन टप्प्यांतून जातो. याच कायद्याखाली २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला व गडचिरोलीचे नाव देशभर झाले. वैयक्तिक दावा नामंजूर झालेल्यांची चर्चा मात्र त्या मानाने कमीच झाली.

अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे साठ दिवसांत दाद मागता येते. हे दिवस ठरावाच्या वा निर्णयाच्या तारखेपासून मोजावेत, असे कलमाचे शब्द आहेत. ते शब्दशः घेतले तर निर्णय कार्यालयाच्या कपाटात पडून असतानाच दावेदाराचा हक्क संपुष्टात येईल. पर्लकोटा नदीच्या पुराने संपर्क तुटणाऱ्या भामरागड तालुक्यात, जेथे घरची बोली माडिया व आदेशाची भाषा मराठी, तेथे ही शक्यता काल्पनिक म्हणता येत नाही.

या अडचणीचे उत्तर २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांत आहे. नियम १२-क नुसार ग्रामसभेने दावा फेटाळला अथवा त्यात बदल केला, किंवा उपविभागीय समितीने तशी शिफारस केली, तर ते दावेदाराला व्यक्तिशः कळवावे लागते. दाद मागता यावी, हाच त्यामागील हेतू नियमात नमूद आहे. साठ दिवसांनंतर आणखी तीस दिवसांची वाढ देण्याचा अधिकारही समितीस आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी डकवणे म्हणजे व्यक्तिशः कळवणे नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका याहून जुनी आहे. राजा हरीशचंद्र राज सिंग खटल्यात (१९६१) भूसंपादनाचा निवाडा १९५१ चा होता; संबंधितास तो १९५३ मध्ये कळला. न्या. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालानुसार, निवाड्याची तारीख म्हणजे तो पक्षकारास कळवला गेला, किंवा त्याला प्रत्यक्ष वा अनुमानाने ज्ञात झाला, ती तारीख. खटला वनहक्काचा नव्हता, परंतु तत्त्व येथेही लागू पडावे.

व्यवहारात दावेदाराने प्रथम माहितीचा अधिकार कायद्याखाली निर्णयाची प्रत, बैठकीचे इतिवृत्त आणि तामिलीची पोच मागावी. कागद मिळाला नाही हे सिद्ध करणे कोणालाही अवघड असते. तो दिल्याची सहीची पोच मात्र कार्यालयाकडे असावयास हवी. ती नसल्यास तसे उत्तर लेखी घ्यावे. अर्जात निर्णय कधी व कसा कळला हे स्पष्ट लिहून मुदत त्या दिवसापासून मोजण्याची विनंती करावी, आणि खबरदारी म्हणून विलंब माफीचीही. दावेदारास म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज असा अर्ज निकाली काढता येत नाही.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलजमिनीवरून हटविण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीस तो स्थगित केला. दावे फेटाळताना विहित कार्यपद्धती पाळली गेली काय, याचा तपशील त्याच वेळी राज्यांकडून मागविण्यात आला. पोच नसलेल्या नकाराचे महत्त्व त्यावरून ध्यानात यावे.

जिल्हास्तरीय समितीचा निर्णय कलम ६ प्रमाणे अंतिम आहे. महाराष्ट्रात राज्यपालांच्या मे २०२० च्या अधिसूचनेने त्याविरुद्ध विभागीय समितीकडे अपिलाची वाट उघडली, परंतु ती केवळ अनुसूचित क्षेत्रापुरती. धानोरा वा एटापल्लीतील दावेदार त्या वाटेने जाऊ शकतो. अनुसूचित क्षेत्राबाहेरील चंद्रपूर जिल्ह्यातील दावेदारास, जंगल तेच असूनही, नागपूर खंडपीठात रिट याचिका करावी लागते.