मुक्काम रत्नागिरी, लाकूड सागवान

काकांचं पावसजवळचं घर उतरवायचं ठरलं, तेव्हा आम्ही सगळी भावंडं दोन दिवस तिथे जमलो होतो. कौलं उतरली, वासे उतरले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो अंगणात येऊन उभा राहिला. त्यात चढवायच्या ढिगातून मी चार वस्तू मागून घेतल्या. दोन दारांचं एक कपाट, लांब हातांची आरामखुर्ची, फणसाच्या लाकडाचं मेज आणि तिरक्या पायांचं सनमायकाचं टीपॉय. रत्नागिरीतल्या माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे मावणार कुठे, असं सगळ्यांनी विचारलं. मावलं. आज घरात विकत आणलेलं नवं फर्निचर जवळजवळ नाही, आणि या चार वस्तूंनी मला लाकडाबद्दल, पॉलिशबद्दल आणि माझ्याच गावाबद्दल जे शिकवलं ते इथे सांगावंसं वाटतं.

सुरुवात कपाटापासून. घरात त्याला सगळे ‘बर्मा’ म्हणत. कोकणातल्या जुन्या घरांत चांगल्या सागवानाला बर्मा म्हणायची रीतच आहे, ते प्रत्येक वेळी ब्रह्मदेशातूनच आलेलं असतं असं नाही. पण हे कपाट हलवायला चार माणसं लागली. रंधा मारला तर आतली रेघ सरळ, दाट, मध्ये गाठ म्हणून नाही, आणि कातड्यासारखा एक तेलकट वास. मागच्या फळीवर सुताराने पेन्सिलीने मापं लिहून ठेवली होती, तीही इंचात नाहीत, तसूत. चोवीस तसूंचा एक गज, हे मी शाळेत आजोबांकडून ऐकलं होतं. ते माप माझ्या स्वतःच्या घरातल्या वस्तूवर उमटलेलं पहिल्यांदा पाहिलं.

रत्नागिरी आणि ब्रह्मदेशचं सागवान यांचा संबंध मात्र खरा आहे, आणि तो फार दुःखाचा आहे. थिबा पॅलेस पाहायला आपण पाहुण्यांना नेतो, ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे कैदेत ठेवलं होतं एवढं सांगतो आणि पुढे मांडवीच्या बंदरावर भेळ खायला जातो. त्या कैदेच्या मुळाशी सागवान होतं. ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही १८६३ मध्ये मुंबईत सुरू झालेली कंपनी वरच्या ब्रह्मदेशातल्या जंगलांतून सागाचे ओंडके काढत असे. कंपनी जेवढे ओंडके दाखवते त्यापेक्षा पुष्कळ जास्त नेते, असा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. फ्रान्सशी राजाची वाढती जवळीक इंग्रजांना आधीच खुपत होती, त्यात हा दंड निमित्त झाला. ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी राजधानी मंडाले पडली. राजाला आधी मद्रासला आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं. समुद्राकडे तोंड केलेला तो राजवाडा त्याच्यासाठी बांधून व्हायला १९१० साल उजाडलं. तोवर तो इथे भाड्याच्या बंगल्यांतच राहिला, आणि नव्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं काढून डिसेंबर १९१६ मध्ये वारला. त्याची कबर रत्नागिरीतच आहे.

पुढच्या वेळी पॅलेसवर गेलात तर वर पाहा. उतरत्या छपराच्या त्रिकोणी तोंडांवरचं लाकडी कोरीवकाम, अर्धगोल खिडक्या, रंगीत काचा. सागवानापायी ज्याचं राज्य गेलं त्या माणसाने अखेरची वर्षं ही लाकडं बघत काढली. कपाटाचं दार उघडताना मला हे आठवतं.

आता कामाचं. जुनी वस्तू घरी आणली की पहिला मोह होतो तो तिला चकाचक करण्याचा. मीही तेच केलं, आणि तेही जुलैत. शहरातल्या एका पॉलिशवाल्याला बोलावलं, तो ‘होतंय हो ताई’ म्हणाला, आणि दोन दिवसांत कपाटाच्या दारांवर दुधाची साय धरावी तसा पांढरा थर आला. मला वाटलं लाकूड खराब झालं. मग नाचण्याजवळच्या एका म्हाताऱ्या सुतारकाकांना गाठलं. त्यांनी दारावरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, “दसरा होऊ दे. मग बघू.”

कारण साधं आहे, पण कुणी सांगत नाही. आपलं जुनं पॉलिश म्हणजे लाख. चपडा नावाने तिच्या पातळ पापड्या मिळतात, त्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या. एक लिटरला साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम. कापडात कापूस गुंडाळून केलेल्या बोळ्याने पातळ हात द्यायचे, वाळू द्यायचे, परत द्यायचे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो. हवेत ओल असली की ती त्या गार थरावर दव पडावं तशी धरते आणि पॉलिशमध्येच अडकते. तीच ती पांढरी साय. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या चार महिन्यांत लाखेच्या पॉलिशला हात लावू नये. दसऱ्यानंतर सुतारकाकांनी कोरड्या दुपारी नुसत्या स्पिरिटचा हलका हात फिरवला. वरचा थर किंचित विरघळला, अडकलेली ओल निघून गेली आणि खालून मधाच्या रंगाचं सागवान वर आलं. खरवडावं लागलं नाही, काही नाही. लाखेचा हाच मोठेपणा आहे, ती शंभर वर्षांनीही परत विरघळते. वर पॉलीयुरेथेन चढवलं की दिसतं छान, पण बिघडलं तर सगळं तासूनच काढावं लागतं.

म्हणून वस्तू हातात आली की आधी ओळखा तिच्यावर काय आहे. आतल्या, न दिसणाऱ्या जागी कापूस स्पिरिटमध्ये भिजवून घासा. चिकट झालं तर लाख. स्पिरिटने नाही पण थिनरने सुटलं तर लॅकर. दोन्हींनी काहीच झालं नाही तर पॉलीयुरेथेन किंवा मेलामाईन. आणि जाड ऑइलपेंट असेल, विशेषतः आपल्याकडच्या जुन्या दारा-खिडक्यांवर असतो तसा हिरवा किंवा पिवळा, तर त्याला कोरडा पॉलिशकागद मुळीच लावू नका. जुन्या रंगांत शिसं असे. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा आली ती २०१७ मध्ये. तो रंग रिमूव्हर लावून ओला असतानाच पत्र्याने काढायचा, तोंडाला मास्क बांधून, आणि घरात लहान मूल असेल तर घराबाहेर.

कपाटात खिळे जवळजवळ नव्हते. एका फळीला जीभ, दुसरीला खाच, वर लाकडाची पाचर. जिथे नंतर कुणीतरी लोखंडी चुका मारल्या होत्या तिथेच काळे डाग पडले होते, कारण खाऱ्या हवेत लोखंड गंजतं आणि लाकडातल्या रसाशी मिळून काळं पडतं. सुतारकाकांनी चुका उपटल्या, ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने डाग फिके केले आणि पितळी स्क्रू लावले. समुद्राकाठच्या घरात पितळच लावा. थोडे पैसे जास्त जातात, पण दर दोन वर्षांनी बिजागरी हातात येत नाही.

किडीबद्दल लोक फार घाबरतात. सागाचा गाभा वाळवीला सहसा नको असतो, तिला आवडते ती कडेची पांढरट पट्टी. कपाटाच्या तळफळीला ती पट्टी होती आणि भोकांतून पिवळसर पीठ पडत होतं. ती फळी बदलली. बाकीच्या उघड्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं गरम पाण्यातलं द्रावण पाजलं. पायांच्या तळव्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं, होड्यांना लावतात तेच. ते लावताना हातमोजे हवेतच. त्वचा अशी भाजते की आठवडाभर हात दुखतो. रंगही काळा येतो, म्हणून जिथे दिसणार नाही तिथेच लावायचं.

फणसाचं मेज ही सगळ्यात देखणी वस्तू निघाली. वर शाईचे डाग, खाली चुलीचा धूर. फणसाचं लाकूड ताजं कापलं की हळदीसारखं पिवळं असतं, आणि उजेड-हवा लागून वर्षानुवर्षं गडद होत शेवटी तांबूस तपकिरी होतं. मेज उलटं केलं तेव्हा जोडाच्या आत, जिथे उजेड कधीच पोहोचला नव्हता, तिथे तो मूळचा पिवळा रंग बोटभर जागेत तसाच होता. ब्रह्मदेशात याच लाकडाच्या रंगात भिक्षूंची वस्त्रं रंगवत. राजा होण्यापूर्वी थिबाही मठात शिकलेला भिक्षू होता. रत्नागिरीत आल्यावर परसा-परसातले फणस पाहून त्याला तो रंग आठवला असेल का, हे मला कोण सांगणार? मेजाला पॉलिश केलं नाही. साबणाच्या पाण्याने पुसलं आणि अळशीच्या तेलाचे तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर उरलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसून. तेल पुसलेली फडकी मात्र गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवायची. शाईचे डाग ठेवले. त्या मेजावर माझ्या वडिलांनी अभ्यास केला आहे.

आरामखुर्ची विणून घेतली. कुणीतरी मधल्या काळात वेत काढून त्यात प्लॅस्टिकची पट्टी भरली होती, ती उन्हाने कडक होऊन टोचत होती. वेताची साल पाण्यात भिजवून, चौकटीच्या भोकांतून आडवी, उभी आणि मग दोन्ही तिरक्या दिशांनी ओढली की आठ कोनांची जाळी उमटते. वाळताना साल आखडते आणि बैठक ढोलकीसारखी ताणली जाते. पूर्वी अंध विद्यार्थ्यांच्या शाळांतून हे काम शिकवत, कारण ते बोटांचं काम आहे. आता विणणारे शोधावे लागतात. आपल्या हवेत वेत चांगला टिकतो. त्याचा खरा शत्रू आहे एसीची कोरडी हवा. सैल पडला तर खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवून रात्रभर वाळू द्यावा, पुन्हा ताठ होतो.

राहिलं टीपॉय. त्याला घरात कुणीच जुनं म्हणायला तयार नव्हतं. पण साठीच्या दशकातलं ते मुंबईचं टीपॉय, चाकरमान्या काकांनी गणपतीला येताना बोटीवरून आणलेलं, आजच्या घरात सगळ्यात चपखल बसलं. मुंबईला नव्या घराची हौस त्याआधीच लागली होती. वास्तुविशारदांच्या संस्थेने १९३७ मध्ये टाऊन हॉलमध्ये आदर्श घराचं प्रदर्शन भरवलं, ते बघायला लोक लोटले होते. मग १९५८ मध्ये अमेरिकन डिझाइनर चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने भारत सरकारला अहवाल दिला, त्यात आपल्या तांब्याचं, म्हणजे लोट्याचं, मनापासून कौतुक होतं, आणि १९६१ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. निमुळते तिरके पाय, हलका सांगाडा, खालून केरसुणी फिरेल एवढी जागा. हे सगळं त्या काळाचं. चंडीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी वास्तुविशारद पियेर जानरे यांच्या देखरेखीखाली केलेल्या साग आणि वेताच्या खुर्च्यांचं काय झालं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या भंगार म्हणून लिलावात गेल्या आणि परदेशातल्या लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या. केंद्रीय गृहमंत्रालयाने त्या जपण्याचा आदेश काढला तो २०११ मध्ये. तोवर बऱ्याच निघून गेल्या होत्या.

कोकणातलंही असंच चाललं आहे, फक्त त्याला लिलावाचा हातोडा नाही. महामार्ग रुंद झाला, घरं मागे सरली, वाटण्या झाल्या, आणि कोरीव खांब, दारांच्या चौकटी, झोपाळ्याच्या कड्या ट्रकांतून निघाल्या. मुंबईत मटन स्ट्रीटच्या किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात त्यातलं काही भेटतं, पण ते कुठल्या गावचं, कुठल्या घरचं, हे तिथे कुणाला माहीत नसतं. उभ्या घराचा खांब कापून आणून दिवाणखान्यात दिवा लावायला ठेवणं मला पटत नाही. पण घर पडणारच असेल तर त्यातली वस्तू त्याच तालुक्यात, शक्यतो त्याच कुटुंबात, वापरात राहावी. मी चारही वस्तूंच्या आत एक कागद चिकटवला आहे. गाव, घर, कुणी वापरली, कोणत्या साली दुरुस्त केली.

आणि खण. कपाटाच्या मधोमध एक खण आहे, तो पावसाळ्यात उघडत नाही. ओल पिऊन लाकूड फुगतं. सुतारकाकांनी विचारलं होतं, थोडा रंधा मारून देऊ का? मी नको म्हटलं, कारण ऑगस्टात तासला तर मे महिन्यात खुळखुळेल. त्यात पणत्या, रांगोळीचे छाप आणि आईची चांदीची अत्तरदाणी आहे. यंदा कोजागिरीनंतर चार दिवस लख्ख ऊन पडलं. काल सकाळी सहज ओढून पाहिला, तर एका हाताने आला.